एझ्राची मान आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतल्या बाकासारखा मी बसायचा बाक नाही. माझ्यावर आडवे होऊन आपले दुखणे दाखवायचे असते. तुम्ही सहलीबरोबर आमचे स्टेडियम बघायला येता, तेव्हा तळघरातल्या लांब बोळातून तुम्हाला मैदानाकडे नेतात. त्या बोळात फाटक्या जाळ्या आणि चिरलेली हेल्मेटे यांच्या ढिगाशेजारी मी उभा असतो. परवा तुमच्यातल्या एकीने माझ्यावर दप्तर ठेवले, पाय वर घेतला आणि बुटाची नाडी बांधली. मला फार बरे वाटले. इतक्या बिनधास्तपणे माझ्याकडे कोणी आल्याला पुष्कळ वर्षे झाली.

चाळीस वर्षांपूर्वी सरोवराच्या धक्क्याजवळ एका सुताराचे दुकान होते, तिथे माझा जन्म झाला. त्याने मला मॅपलच्या लाकडाचा केला, चार जाड पाय दिले आणि वर तपकिरी रेक्झिनची गादी ठोकली. उंची मात्र मुद्दाम कमरेइतकी ठेवली. पट्ट्या बांधणाऱ्याची पाठ मोडू नये, म्हणून. आमचे खेळाडू म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोंचे गडी, पण माझा एक सांधा कधी कुरकुरला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सुताराचे काम चोख होते, एवढेच.

मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वेंडेल प्रुइट आला. खेळाडूंच्या दुखापती बघणे हे त्याचे काम. तो डॉक्टर नव्हता, डॉक्टर वेगळा होता आणि तो बोलावल्यावर यायचा. वेंडेल रोज पहाटे यायचा. दिवे लावायचा, बर्फाची यंत्रे सुरू करायचा, माझी गादी ओल्या फडक्याने पुसायचा आणि पहिल्या माणसाची वाट बघायचा. घोट्याला चिकटपट्टी बांधायला त्याला दोन मिनिटे पुरत. इतर संघांची माणसे आमच्याकडे आली की, वेंडेलचे हात बघायला माझ्याभोवती उभी राहत. मग कोणीतरी मलाही थोपटे आणि म्हणे, असे बाक आता होत नाहीत. त्या दिवसांत मी जरा फुगलोच होतो.

आमच्याकडचा फुटबॉल तुम्हाला ठाऊकच आहे. लांबुळका चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि समोरच्याला धडक मारून पाडायचे. ऑगस्टमध्ये संघात नव्वद जण असतात. मोसम सुरू व्हायच्या आधी, एका ठरलेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता त्यांतले त्रेपन्न उरतात. बाकीच्यांना नारळ मिळतो.

हा नारळ पोचवायचे काम लेस्टरकडे होते. लेस्टर म्हणजे कचेरीतला एक हसतमुख, टकला माणूस. त्याला सगळे तुर्क म्हणत. का म्हणतात, ते त्यालाही माहीत नव्हते. आधीच्या माणसालाही तुर्कच म्हणत, असे तो सांगे. ज्याला डच्चू द्यायचा त्याच्यापाशी जाऊन लेस्टर हळूच म्हणे, ‘कोचनी बोलावलंय. वही घेऊन ये.’ वही म्हणजे डावांची वही. ती परत मागितली की समजायचे, आता गाशा गुंडाळायचा. त्या आठवड्यात लेस्टर न्याहारीला आला की अख्खे टेबल उठून जाई. ‘अरे, मी नुसती अंडी घ्यायला आलोय,’ असे तो म्हणे, पण कोणी थांबत नसे.

आणि माझ्याकडेही कोणी फिरकत नसे. कारण संध्याकाळच्या बैठकीत वेंडेलला सांगावे लागे की आज कोण दुखतोय आणि कोण खेळू शकतो. माझ्यावर दिसलेल्या माणसाचे नाव त्या बैठकीत निघे. एरवी माझ्यावर लोळून विनोद करणारी पोरे ऑगस्टच्या शेवटी माझ्यासमोरून मान वळवून जात. सुजलेले गुडघे घेऊन जात, मित्रांनो. मला लंगडणे लगेच कळते.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी एझ्रा ट्रॉटमन जॉर्जियातल्या एका छोट्या गावातून आला होता. बावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा. त्याची आई शाळेची बस चालवायची. वसंतात सगळे संघ कॉलेजच्या पोरांची निवड करतात, त्यात एझ्राचे नाव कोणी घेतले नव्हते. आमच्या लोकांनी नंतर त्याला नुसते बोलावून घेतले होते, बघू या कसा आहे म्हणून. तो मधल्या फळीत खेळे. त्या फळीतल्या चार जागा पक्क्या होत्या. पाचवीसाठी दोघे होते, एक एझ्रा आणि दुसरा कॉलिन ब्रँट. ब्रँटला मात्र आमच्या संघाच्या साहेबांनी त्या निवडीत रीतसर घेतले होते. स्वतः निवडलेल्याला काढायचे म्हणजे आपलीच चूक चारचौघांत कबूल करणे, आणि ते साहेबांना जड जाते.

शेवटच्या सराव सामन्याला तीन दिवस होते. पहाटे साडेपाचला, वेंडेल मला पुसत असतानाच एझ्रा मागच्या दाराने आत आला. दार त्याने डाव्या हाताने लोटले. माझ्यावर बसला आणि म्हणाला, मान जरा आखडली आहे. वेंडेलने आपली दोन बोटे पुढे केली.

“दाब. हं, आता उजव्या हाताने.”

“दाबतोय.”

“याला दाबणं म्हणतात? माझी नात याहून जोरात दाबते, आणि ती दोन वर्षांची आहे.”

एझ्रा हसला, पण ते हसू टिकले नाही. मग त्याने सांगितले. सराव शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यापासून धडक बसली की मानेतून आग निघते आणि खांद्यावरून पार बोटांपर्यंत जाते. हात लाकडासारखा होतो. मग थोड्या वेळाने बरे वाटते.

“दर वेळी जातं, मिस्टर वेंडेल.”

“जातं, पण दर वेळी आधीच्यापेक्षा उशिरा जातं. असंच ना?”

 वेंडेलने त्याची मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. उजवीकडे वळवताना एझ्राने माझी कड घट्ट धरली. वेंडेल म्हणाला, मानेचा फोटो काढायला हवा, आजच.

“फोटो काढला की कोचना कळणार. मग झालंच. ब्रँटला त्यांनी निवडलंय, मला कोण ठेवतंय? तीन दिवस आहेत. एवढं एक करा माझ्यासाठी, मिस्टर वेंडेल. सांगू नका कोणाला.”

वेंडेलने हातातले फडके घडी करून ठेवले. शेवटी म्हणाला, “सामना होईपर्यंत. पण हात पुन्हा गेला तर लगेच बाहेर यायचं. शब्द दे.”

एझ्राने शब्द दिला. वेंडेलनेही दिला. मला तेव्हा वेंडेलचे कौतुक वाटले, खोटे कशाला बोलू? इतक्या वर्षांत त्याने कोणा पोराचा विश्वास मोडला नव्हता.

सामना शुक्रवारी झाला. रविवारी संध्याकाळी शेवटची बैठक बसली. बैठकीची खोली माझ्या शेजारीच होती आणि मध्ये फक्त पातळ फळ्यांची भिंत होती, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. तिथे भिंतभर एक लोखंडी फळा होता आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची पट्टी होती. पहिल्या अठ्ठेचाळीस नावांना कोणी हात लावत नसे. खरी ओढाताण शेवटच्या पाचांची. जो तो प्रशिक्षक आपल्या फळीच्या माणसासाठी भांडे. एकाचा माणूस ठेवला की दुसऱ्याचा जाई. सकाळी न्याहारीला ज्याची पाठ थोपटली, त्याचेच नाव संध्याकाळी उतरवताना कोणाचा हात थरथरत नसे. हात थरथरला तर ते काम होणारच नाही, हेही खरे.

पाचव्या जागेपाशी आल्यावर त्यांनी सामन्याची चित्रफीत लावली आणि काय दिसतेय ते जो तो मोठ्याने बोलू लागला. लाथेने लांब उडवलेल्या चेंडूमागे एझ्रा धावत गेला आणि चेंडू घेणाऱ्याला त्याने असे लोळवले की खोलीतली माणसे आपसूक ‘वा’ म्हणाली. उठताना त्याने उजव्या हाताचा अंगठा कमरेच्या पट्ट्यात अडकवला होता, असे कोणीतरी म्हणाले आणि त्याच्या ऐटीला सगळे हसले. मला मात्र कळले. तो हात लोंबू नये म्हणून त्याने अडकवला होता. आणि शब्द दिला असूनही एझ्रा मैदानाबाहेर आला नव्हता.

पुढच्याच डावात चेंडू घेतलेला माणूस एझ्राच्या उजव्या हाताजवळून गेला. एझ्राने हात पुढे केला नाही. ते चित्र त्यांनी तीनदा मागेपुढे करून बघितले.

“हात का नाही घातला यानं?” मुख्य प्रशिक्षक हार्टिगन यांचा आवाज आला.

दमला असेल, असे कोणीतरी म्हणाले.

“चार पावलं धावून दमला? छे. एकदा लागलं आणि घाबरला. माणूस डोळ्यांदेखत गेला आणि हा बघत उभा राहिला.” मग ते थांबले. “वेंडेल, पोरगा ठणठणीत आहे ना?”

मित्रांनो, भिंतीपलीकडे एक खुर्ची करकरली.

“माझ्याकडे त्याचं काही नाही,” वेंडेल म्हणाला.

पट्टी फळ्यावरून निघाल्याचा आवाज झाला. लहानसाच असतो तो.

वेंडेल वाईट माणूस नव्हता. त्याने हिशेब असा केला, की दुखतोय म्हटले तर पोरगा आताच जातो आणि वर दुखऱ्याचा शिक्का बसतो, मग दुसरा संघही त्याला घेणार नाही. शिवाय शब्द दिलेला. म्हणून तो मूग गिळून बसला. पण पोरगा घाबरट ठरला, आणि तो घाबरट नाही हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होते.

मंगळवारी सकाळी एझ्रा माझ्यावर बसला होता. वेंडेल त्याच्या घोट्याला पट्टी बांधत होता. अर्धी बांधून झाली असेल, तेवढ्यात लेस्टर दारात आला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

“एझ्रा, कोचनी बोलावलंय.”

“वही घेऊन?”

“हो रे. वही घेऊन.”

एझ्राने खाली वाकून पट्टीचे टोक शोधले आणि ती सोडवायला लागला. वेंडेल म्हणाला, असू दे, मी कापतो. एझ्रा म्हणाला, “राहू द्या, मिस्टर वेंडेल. उगाच वाया गेली पट्टी.” तो एका पायात मोजा घालून गेला.

जाणाऱ्या प्रत्येकाची शेवटची तपासणी होते, आणि ती माझ्यावरच होते. दुपारी डॉक्टर आला. शेजारी वेंडेल तपासणीचा कागद लावलेली पाटी धरून उभा होता. डॉक्टर घाईत होता, कारण बाहेर रांग होती. त्याने एझ्राचे गुडघे वाकवून बघितले, छाती ऐकली आणि विचारले, कुठे काही दुखतं का? डोकं, मान, हात?

एझ्राने वेंडेलकडे पाहिले. वेंडेलने पाटीकडे पाहिले.

“नाही, सर. कुठेच नाही.”

आणि त्याने त्या कागदावर सही केली. त्याने असे का केले, ते आमच्याकडच्या लहान पोरालाही सांगता येईल. काढलेल्या माणसाला उचलायला इतर संघांना एक दिवस असतो. कागदावर ‘मान’ असे लिहिलेल्या माणसाला कोण उचलणार? सगळे असेच करतात. मोडकी बोटे मुठीत लपवून ‘काही नाही’ म्हणणारे माझ्यावर किती बसून गेले, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

चार वाजून गेले, यादी गेली. थोड्या वेळाने हार्टिगन स्वतः आत आले आणि माझ्यावर आडवे झाले. त्यांचा जुना गुडघा या दिवशी हटकून दुखतो. वेंडेलने त्यावर बर्फाची पिशवी ठेवली. कोच डोळे मिटून बोलत राहिले. सदतीस पोरांना घरी पाठवले, आता दोन दिवस जेवण जाणार नाही, असे काहीसे. मग म्हणाले,

“तो ट्रॉटमन. आवडला होता रे मला. धडधाकट निघाला हेच वाईट झालं. कुठे दुखत असतं ना, तर जखमींच्या यादीत टाकून वर्षभर ठेवून घेतला असता. ते त्रेपन्नांत धरत नाहीत. उपचार झाले असते, पगार चालू राहिला असता आणि पुढच्या वर्षी ब्रँटच्या जागी उभा केला असता.”

वेंडेलचा हात माझ्या कडेवर होता. त्याने ती कड घट्ट धरली.

त्या क्षणीही वेळ गेली नव्हती. कागद दुसऱ्या दिवशी चारपर्यंत दुरुस्त करता आला असता. एझ्रा अजून गावातच होता आणि त्याची बस सकाळची होती. वेंडेलने फक्त एवढेच म्हणायचे होते, की कोच, त्याची मान दुखते आणि मला ते माहीत होते. पण तसे म्हणायचे तर रविवारी भर बैठकीत आपण खोटे बोललो, हेही म्हणावे लागणार होते. इतक्या वर्षांची नोकरी होती, नाव होते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल, वेंडेल, बोल. लाकडाच्या ओरडण्याला आवाज नसतो.

वेंडेलने बर्फाची पिशवी जरा सरकवली.

“फार गार लागतंय का?” त्याने कोचना विचारले.

पहिल्या वेळी तो पोरासाठी गप्प बसला होता. या वेळी स्वतःसाठी बसला. मी त्याला ओळखत होतो, म्हणून मला त्या दिवशी जास्त दुःख झाले.

एझ्राला कोणी उचलले नाही. त्रेपन्नांबाहेरचे काही जण आमच्याकडे नुसत्या सरावासाठी ठेवतात, पण तिथेही त्या वर्षी वेगळ्या फळीची माणसे हवी होती. तो घरी गेला.

पुढच्या जूनमध्ये, शिबिर नसल्याने सगळे शुकशुकाट असताना, एझ्रा पुन्हा त्याच मागच्या दाराने आला. मी त्याला चालण्यावरून ओळखले, पण खांदा ओळखता आला नाही. उजवा खांदा खाली उतरला होता. हात खिशात होता, बहुधा त्याने तो डाव्या हाताने उचलून खिशात ठेवला असावा. त्याने वेंडेलला सगळे सांगितले. वसंतात अलाबामातल्या एका छोट्या संघाने त्याला घेतले. तिसऱ्या सामन्यात साधीच धडक बसली. आग आली ती गेलीच नाही. मानेवर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा आग निघाली तेव्हाच दाखवले असते तर हात वाचला असता.

तिथला संघ म्हणत होता, दुखणे जुने आहे, आमचे नाही. म्हणून उपचारांचा खर्च इथून मागता यावा, यासाठी तो इथले कागद न्यायला आला होता. कागदात काय होते? ‘तक्रार नाही’ आणि खाली त्याची सही.

वेंडेल खाली मान घालून उभा होता. तसाच म्हणाला, “मला माहीत होतं, एझ्रा.”

“हो. पण मीच सांगू नका म्हटलं होतं.” एझ्राचा आवाज शांत होता. “तुमचं नाव मी कुठे घेणार नाही. घेतलं तर तुमची नोकरी जाईल. सगळ्या जगात एका माणसानं मला दिलेला शब्द पाळला, मिस्टर वेंडेल. त्यालाच गोत्यात आणू?”

कोच काय म्हणाले होते, ते एझ्राला माहीत नव्हते. वेंडेलला माहीत होते आणि मला.

वेंडेलचे ओठ हलले. मला वाटले, आता तरी. तो म्हणाला, “बस जरा. मानेला शेक देतो.” एझ्रा माझ्यावर बसला. वेंडेलने त्याच्या मानेवर गरम टॉवेल ठेवला आणि अर्धा तास तो पुन्हा पुन्हा गरम करून ठेवत राहिला. एझ्राने जाताना त्याला डावा हात गळ्यात टाकून मिठी मारली.

चार वर्षांनी वेंडेल निवृत्त झाला. निरोपाचा समारंभ माझ्याच खोलीत झाला. केक माझ्यावर ठेवला होता. हार्टिगन बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “या माणसाकडे शेकडो पोरं आपली दुखणी घेऊन आली. यानं एकाचंही गुपित कधी फोडलं नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळ वेळ. वेंडेलने केक खाल्ला नाही. सगळे गेल्यावर त्याने फडके भिजवून मला स्वच्छ पुसले, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

मग वर-खाली होणारे नवे लोखंडी पलंग आले. मला या बोळात आणून ठेवले. रेक्झिन फाटले आहे, आतला कापूस उंदरांनी नेला. त्याचे मला काही वाटत नाही. दुसऱ्या गोष्टीचे वाटते.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. शाळेच्या मैदानावर पडलात आणि मान दुखली, हात बधिर झाला, तर संघातून काढतील म्हणून लपवू नका. संघ पुढच्या वर्षीही असतो. आणि तुमच्या मित्राने आपले दुखणे तुमच्या कानात सांगितले आणि कोणाला बोलू नकोस म्हटले, तर जा आणि मोठ्या माणसाला सांगा. आधी गप्प बसला असाल, तरी सांगा. आपली चूक उघडी पडली तरी सांगा. मित्र रागावेल. चिडेल, वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही. त्याला रागावू द्या.

एझ्रा वेंडेलवर कधीच रागावला नाही. वेंडेलच्या नावाचे टपाल अजून स्टेडियमच्या पत्त्यावर येते. लेस्टर ते घेऊन जाताना या बोळात माझ्यावर टेकतो आणि कार्डे वाचतो. दर नाताळात जॉर्जियाहून एक कार्ड येते. डाव्या हाताचे अक्षर अजून वाकडेतिकडेच आहे, असे लेस्टर म्हणतो. मजकूर दर वेळी एकच असतो, तुमचे उपकार मी विसरणार नाही.